मेढीजवळचा बैल

फार जुनी गोष्ट. कणसं मळायला तेव्हा यंत्रं नव्हती. सगुणाबाईच्या खळ्यात मधोमध मेढ रोवलेली होती आणि त्या खांबाभोवती तीन बैलांची पात एका दाव्याने बांधून गोल फिरवत. मेढीजवळ म्हातारा चांद्या, मध्ये तांबड्या आणि कडेला तरणाबांड हरण्या.

एक दिवस हरण्याच्या मनात आलं, ‘मी कडेने धावून धावून मरतो आणि हा म्हातारा जागच्या जागी फिरतो. कडबा मात्र दोघांना सारखाच!’ तो मुद्दाम पाय ओढू लागला. ते पाहून तांबड्या म्हणाला, “मग मीच का म्हणून राबू?” आणि तोही रेंगाळला.

“पोरांनो, पाय उचला रे,” चांद्या कळवळला. “दावं एकच आहे. तुम्ही अडलात की मीही अडतो.”

कोणी ऐकलं नाही. तीन दिवस मळणी रखडली. सगुणाबाईची नजर थबकलेल्या चांद्यावर गेली. “या म्हाताऱ्यापायी बाकीचे दोघे सुस्तावले,” ती म्हणाली. तिने त्याला बाजारात नेलं. परत आलं ते नुसतं दावं.

दुसऱ्या दिवशी भीतीने हरण्या असा सुटला, की दुपारच्या आत खळं उरकलं. सगुणाबाईने त्याच्या पाठीवर थाप मारली. “बघा, म्हातारा गेला आणि पात कशी चालायला लागली!”

हरण्याला कळलं, आपलं प्रत्येक पाऊल चांद्याविरुद्ध साक्ष देतंय. पण हळू चालावं, तर बाजार दर आठवड्याला भरत होता. पुढच्या मळणीला त्याने मान खाली घातली आणि तो आणखी भरभर चालू लागला.