चार अँप्लिफायर आणि एक कान

“पण चाचा, चार-चार अँप्लिफायर लावूनसुद्धा आवाज मेलेला का?”

सुधन्वा मेहेंदळे यांनी तिसऱ्यांदा विचारलं. यासीनचाचा स्पीकरपुढे उकिडवे बसले होते.

चाचांनी मिरजेत पन्नास वर्षं अँप्लिफायर बांधले, दुरुस्त केले. कॉलेजात असताना सुधन्वा त्यांच्याच दुकानात तारांना कथलाचा डाग द्यायला शिकले होते. पुढे ते संगीत समीक्षक झाले, परीक्षक झाले. सांगलीत म्हणायचे, मेहेंदळ्यांच्या कानातून सूर निसटत नाही. हळूहळू सुधन्वा स्वतःही तसंच म्हणू लागले.

“स्पीकरच्या प्रत्येक पेटीला दोन लावलेत,” सुधन्वा म्हणाले. “जाड आवाजाच्या स्पीकरला एक, बारीक आवाजाच्या स्पीकरला वेगळा. कुणी कुणाचा जोर खायला नको. आधी एकच होता. मग दोन केले, मग चार. तरी तंबोऱ्याची जवारी, ती तारांची झणझण, लागतच नाही. लाकूड वाजल्यासारखं वाटतं.”

“बारीकचा आवाज किती ठेवलास?”

“पूर्ण.”

चाचांनी मान हलवली. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कपाटामागे गेले.

“तंबोऱ्याची रेकॉर्ड लाव. डोळे मीट.”

सुधन्वांनी डोळे मिटले. बाहेर आभाळ दाटून आलं होतं. खोलीत भरदुपारी अंधारल्यासारखं झालं होतं. तंबोरा सुरू झाला.

मागे खट्‌ आवाज झाला.

“आता?”

“तसाच.”

पुन्हा खट्‌.

“आता?”

सुधन्वा थांबले. काहीतरी सांगायला हवं होतं. इतक्या वर्षांची सवय.

“आता... उजळला थोडा. हो. जवारी दिसायला लागली.”



तेवढ्यात स्वयंपाकघरातून सुधन्वांच्या पत्नी वसुधाताई हात पुसत दाराशी आल्या. “बंद केलंत ते? बरं झालं बाई. तीन महिने नुसतं कानात सुई टोचल्यासारखं व्हायचं. यांना सांगून सांगून थकले.”

सुधन्वांनी डोळे उघडले.

अँप्लिफायरवरच्या चार दिव्यांपैकी दोन विझलेले होते. बारीक आवाजाचे दोन्ही अँप्लिफायर बंद होते.

तंबोरा वाजतच होता. जसा मघाशी वाजत होता, तसाच.

“पुन्हा चालू करा,” सुधन्वा म्हणाले.

चाचांनी केले. वसुधाताईंनी झटकन कानांवर हात ठेवले. सुधन्वा त्यांच्या हातांकडे बघत राहिले. मग हळूच स्वतःच तंबोरा बंद केला.

वसुधाताई आत गेल्या. काय झालं ते त्यांना कळलं असावं, कारण नंतर आतून भांड्याचासुद्धा आवाज आला नाही... की आला, आणि सुधन्वांनाच ऐकू आला नाही?

“तुम्हांला ऐकू येत होतं, चाचा?”

“मला? माझं केव्हाच गेलं. म्हणून तर दिवे बघतो. दुसऱ्याला विचारतो.”



“गेल्या महिन्यात गाण्याच्या शिष्यवृत्तीची पहिली फेरी झाली,” सुधन्वा म्हणाले. “मुक्ता पाटोळे म्हणून एक मुलगी होती. कवठ्याहून आली होती. मी तिला सगळ्यांसमोर म्हणालो, तंबोऱ्याला जवारी नाही आणि गळ्याला धार नाही. कशाला वेळ घालवतेस?”

“मग?”

“रडली नाही. तंबोरा गवसणीत घातला, मला वाकून नमस्कार केला आणि गेली... परवा तिचे गुरुजी भेटले. म्हणाले, गाणं सोडलं तिनं.”

चाचांनी पक्कड, पेचकस पिशवीत ठेवले. पिशवीचं तोंड बांधायला त्यांना वेळ लागला.

“ती कशी गायली होती, चाचा... मला आता कधीच कळणार नाही.”

“नाही कळणार.”

सुधन्वांना वाटलं होतं, चाचा काहीतरी धीराचं बोलतील. ते चप्पल शोधत होते.

“उद्या दुसरी फेरी आहे,” सुधन्वा घाईघाईने म्हणाले. “अकरा मुलं आहेत. पत्रिकेवर माझं नाव छापलंय. नाही गेलो तर कारण सांगावं लागेल. आणि गेलो तर...” ते चाचांच्या मागोमाग दाराशी आले. “चाचा, तुम्ही कुणाला बोलणार नाही ना?”

“मी कशाला बोलू?”

“मग जाऊ मी?”

चाचा उंबऱ्यात थांबले. वळून त्यांनी सुधन्वांकडे पाहिलं. सुधन्वा दुकानात पहिल्यांदा डाग द्यायला चुकले होते, तेव्हा पाहिलं होतं तसं.

“जा की,” ते म्हणाले. “मुलांच्या रांगेत बस.”