मातीखालचा डोळा

खूप जुनी गोष्ट आहे, इतकी जुनी की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. त्या राज्यात डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं, आणि गावात घरोघरी दारापुढे डेलिया असायचा. साधासुधा नाही, जेवायच्या ताटाएवढ्या फुलाचा.

लेक सासरी निघाली की आई तिच्या ओटीत नारळाबरोबर डेलियाचा एक कंद घालायची. प्रत्येक माहेराचा रंग वेगळा. तो रंग सासरच्या अंगणात फुलला की बायका म्हणायच्या, सून रुजली बरं का.

सारजाच्या माहेरचं फूल जांभळं होतं, पाकळ्यांची टोकं पांढरी. आजवर त्याचं सगळं तिच्या सासूनेच केलं होतं. यंदा सासू थोरल्या सुनेच्या बाळंतपणाला परगावी गेली, आणि घरात ठेवलेले कंद उंदरांनी खाल्ले. एकच वाचला. त्यातच माहेराहून निरोप आला की आईच्या अंगणातला डेलिया गेला. म्हणजे त्या रंगाचा कंद आता जगात हा एवढाच. आई पौषातल्या जत्रेला येणार होती, नातीला भेटायला आणि जमलं तर तो रंग परत न्यायला.

सारजाचा जीव आधीच चिमणीएवढा. तिची लेक सव्वा वर्षाची झाली तरी कडेवरून खाली उतरली नव्हती. मुंगी चावेल, खडा टोचेल, काही ना काही होईल. शेजारणी चिडवायच्या, "पोरीला पाय आहेत ना गं, की अजून फुटायचेत?"

दसरा झाल्यावर सारजाने कंद लावला. सकाळी पाणी घातलं, संध्याकाळी पुन्हा घातलं. तिसऱ्या दिवशी वर काहीच दिसेना, म्हणून बोटाने माती उकरून पाहिलं आणि परत झाकलं. मग रोजच पाहू लागली. बाराव्या दिवशी उकरलं तर कंद बोटाखाली मऊ लागला, आणि वास आला.

कंद पदराखाली घेऊन ती हौसाआत्याकडे गेली. आत्या म्हणजे तिच्या सासऱ्यांची बहीण, शेजारच्याच घरात राहायची. आत्याने कंद हुंगला आणि पाणी किती घातलं ते विचारलं. सारजाने खरं ते सांगितलं.

"अगं, अजून त्याला तोंड फुटलं नाही, आणि तू पाजत सुटलीस," आत्या म्हणाली.

तिने विळीवर कुजकं सगळं कापून टाकलं, कापल्या जागी चुलीतली राख चोळली. शेवटी उरला बोटभर तुकडा, आणि त्याच्या मानेशी तांदळाच्या कणीएवढा एक डोळा, कोंब फुटतो तो. आत्याने सांगितलं, दोन दिवस सावलीत वाळव. आधी काठी रोव, मग काठीशेजारी कंद लाव, नाहीतर मागून काठी कंदातच घुसायची. आणि कोंब वर दिसेपर्यंत पाण्याचा थेंब नको.

"आणि दिसलाच नाही तर?"

"तर नाही दिसला. तू बघितल्याने तो लवकर येणार आहे का?"

सारजा रडवेली झाली. आत्या जरा नरमली. म्हणाली, हात शिवशिवले की अंगणातला एक दगड उचल आणि कडेला नेऊन ठेव.

सारजाने तसंच केलं. पहिल्याच दिवशी एकवीस दगड झाले. दगड उचलायचे म्हणजे दोन्ही हात हवेत, मग लेकीला खाली ठेवावं लागलं. लेक आधी बसून बघायची. एके दिवशी मुठीत खडा घेऊन ती आईच्या मागे चार पावलं चालत आली आणि तो खडा ढिगावर टाकून मोकळी झाली. सारजा बघतच राहिली. धावली मात्र नाही.

सोळाव्या दिवशी तांबूस कोंब वर आला. मग तिने बेताने पाणी दिलं. रोप वाढेल तसं जुन्या लुगड्याच्या चिंधीने काठीला सैल बांधत गेली. शेंड्याला तीन कळ्या आल्या तेव्हा आत्या म्हणाली, मोठं फूल हवं तर बाजूच्या दोन खुडाव्या लागतील. सारजाने डोळे न मिटता स्वतःच्या हाताने खुडल्या.

जत्रेला आई आली तेव्हा फूल पुरतं उमललं होतं, थेट ताटाएवढं. आई बराच वेळ त्याच्यापुढे बसून राहिली. कसं वाढवलंस म्हणून तिने विचारलं. सारजाने कुजल्यापासून दगडांपर्यंत सगळं सांगितलं.

काठीला बांधलेली चिंधी आईने बोटांनी चाचपली. मग हळूच म्हणाली, "माझाही पाण्यानेच गेला गं. तू सासरी गेलीस आणि मला करमेना. दिवसातून चारदा तांब्या घेऊन त्याच्यापाशी जायचे."

दोघी एकमेकींकडे बघून हसल्या, आणि हसता हसता दोघींचे डोळे भरून आले.

फूल उतरल्यावर झाड वाळू दिलं. मग माती बाजूला केली तर खाली टपोरे पाच कंद निघाले. दोन आईकडे गेले, एक हौसाआत्याला, दोन घरात राहिले, या खेपेला उंदरांपासून उंच टांगून. तिन्ही अंगणांत तो जांभळा रंग पुढे कित्येक पिढ्या फुलत राहिला.

म्हणून सांगते, जे जिवापाड जपायचं त्याला आधार द्यावा, गरजेपुरतं पाणी द्यावं, आणि मग त्याचं त्याला वाढू द्यावं.