जळक्या उतारावरची परीबाग

घाटाच्या पायथ्याशी दाट रान होते आणि त्या रानात एक म्हातारी सायाळ आपल्या मुलासुनेजवळ राहत असे. मुलांनो, सायाळ तुम्ही पाहिली नसेल, तर एवढेच लक्षात ठेवा की तिच्या पाठीवर काळेपांढरे लांब काटे असतात, ती जमिनीखाली बीळ करून राहते आणि मातीतले गोड कंद हुंगून काढण्यात तिचा हात कुणी धरू शकत नाही. या सायाळीला तीन नातवंडे होती. दोन नातू आणि सर्वांत धाकटी एक नात.

फाल्गुनात त्या रानाला वणवा लागला. बिळाच्या वरचा सगळा उतार जळून काळा झाला. सायाळींचे बीळ खोल होते म्हणून सगळे वाचले. पण वर झाडे तडतडत असताना पोरांनी आत बसून जे ऐकले, ते त्यांच्या मनातून जाईना. वणवा विझून पंधरा दिवस झाले तरी तिघे बिळाच्या तोंडाशीही येत नव्हती. बाप बाहेरून मुळ्या आणून देई, त्यातल्या निम्म्या ती तशाच ठेवत. अंगावरचे काटे मऊ पडू लागले होते. शेवटी बापाने ठरवले की अमावास्येच्या आत खिंड ओलांडायची आणि पलीकडच्या हिरव्या रानात नवे घर करायचे. खिंडीची चढण उभी होती. म्हाताऱ्या आईला ती चढवणार नाही, हे त्यालाही माहीत होते. म्हणून आईला हे सांगताना तो जमिनीकडे पाहत होता.

आई त्याला रागावली नाही. पोरांच्या भल्यासाठी तो निघतो आहे, हे तिला कळत होते. तिने फक्त आठवडाभर थांबायला सांगितले.

त्या दिवशी पोरांना झोपवताना ती नेहमीप्रमाणे रानातल्या पऱ्यांची गोष्ट सांगू लागली. धाकट्या नातीने तिला मध्येच थांबवले.

"आजी, पऱ्यासुद्धा जळाल्या का गं?"

खोटे सांगून पोरीची समजूत काढणे म्हातारीला बरे वाटेना. ती म्हणाली, "ते मला ठाऊक नाही, बाळ. पण त्यांची घरं जळाली असणार. आपण त्यांना नवी बाग करून देऊ. आल्या तर राहतील."

दुसऱ्या दिवशी उन्हे कलताच म्हातारी एकटी त्या काळ्या उतारावर गेली. राखेखाली जमीन दोन वीत उकरून पाहिली, तर आत माती थंड होती. मग ती ओढ्याकाठी गेली. तिथे भुईचाफ्याचे कंद होते. हे कंद म्हणजे सायाळींचा जीव की प्राण. म्हातारी ते एक एक उकरून काढी, तोंडात धरून उतारावर आणी आणि मातीत पुरी. तोंडात रसरशीत कंद आणि पोटात भूक, अशा त्या खेपा होत्या. एकदा तर दात कंदात रुतलेसुद्धा. पण तिने तो गिळला नाही. भूक फारच लागली, तेव्हा ती झाडाची वाळकी साल चघळत बसली.

कंद लावून झाल्यावर तिने बाग सजवायला घेतली. ओढ्यातल्या पांढऱ्या गारगोट्यांची पायवाट केली. रिकाम्या शंखांची घरे मांडली आणि त्यांत सावरीच्या कापसाच्या गाद्या घातल्या. प्रत्येक घरापुढे दिव्यासारखी एक लाल गुंज ठेवली. कुंपणासाठी तिला दूर जावे लागले नाही. स्वतःचे गळलेले काटे तिने रांगेने मातीत रोवले. येता-जाता ती बिळाच्या तोंडाशी थांबून आज काय झाले ते आत सांगे. पोरे पुढे येत नसत, पण सांगून होईपर्यंत कुणी बोलतही नसे. पाचव्या दिवशी थोरल्या नातवाने आतूनच विचारले, की पऱ्यांना पाणी प्यायला काय केले आहे. म्हातारीने त्याच दिवशी एक खोलगट दगड ढकलत आणला आणि तो पाण्याने भरला.

सहाव्या दिवशी पहाटे एक रानडुक्कर त्या वाटेने आले. डुकराचे नाक जमिनीला आणि मन पोटाला लागलेले. त्याने कुंपण तुडवले, शंख चिरडले आणि सगळा वाफा नांगरल्यासारखा उलथून टाकला. जे कंद सापडले ते खाल्ले, जे फुटले ते पायांनी उतारभर उधळले. म्हातारी धावत आली तेव्हा ते शेवटचा घास चावत होते.

"ही माझ्या नातवंडांची बाग होती," म्हातारी म्हणाली.

"बाग?" डुक्कर म्हणाले. "मला तर ताट वाढलेलं दिसलं." आणि ते निघून गेले.

म्हातारी त्या मोडक्या बागेत खाली बसली. तिच्याने रडवतही नव्हते. मुलगा आला, आईच्या शेजारी बसला आणि हळू आवाजात म्हणाला, की आता पुरे झाले, परवा आम्हाला निघायचे आहे, तोवर तू चार घास खाऊन घे. म्हातारीने मान हलवली. तेवढ्यात मागून बारीक आवाज आला.

"आजी, हा तुकडा अजून ओला आहे."

दोघांनी वळून पाहिले. धाकटी नात राखेत उभी होती. आजी अजून परत का येत नाही, हे पाहायला ती बिळाबाहेर आली होती आणि पायाशी पडलेला कंदाचा तुकडा तिने उचलला होता. पोरीला बाहेर आल्याची आठवण करून द्यायची नाही, एवढे शहाणपण म्हातारीला होते. तिने तो तुकडा हुंगला आणि उलटून पाहिला.

"याला डोळा आहे," ती म्हणाली. "डोळा असलेला तुकडा जगतो. लाव बरं."

"कुठं?"

"तुला वाटेल तिथं."

नातीने तो डुकराने उकरलेल्या खळग्यात पुरला आणि दुसरा शोधायला निघाली. बहीण बाहेर काहीतरी करते आहे, हे पाहून भावांना आत बसवेना. आधी धाकटा आला, मग थोरला. कुणाला डोळ्याचे तुकडे जास्त सापडतात, यावर तिघांची चढाओढ लागली. डुकराने एकेका कंदाचे चार-चार तुकडे केले होते आणि उतारभर माती भुसभुशीत करून ठेवली होती. म्हातारीने सहा दिवसांत एक वाफा लावला होता. पोरांनी दुपारपर्यंत अख्खा उतार लावला. ऊन तापल्यावर सुनेने हाका मारल्या, तेव्हा कुठे तिघे आत गेली. जाताना त्यांना भूकही लागली होती.

अमावास्या आली आणि गेली. मुलगा खिंडीचे नाव काढेना.

मग एके सकाळी डुक्कर पुन्हा आले. या वेळी म्हातारी एकटी नव्हती. सायाळ शत्रूशी तोंडाने लढत नाही; ती त्याच्याकडे पाठ करते, काटे फुलवते आणि खुळखुळवते. म्हातारी उतारावर पाठ करून उभी राहिली. तिच्या एका बाजूला मुलगा आला, दुसऱ्या बाजूला सून. मध्येमध्ये तिन्ही पोरे घुसली. धाकटीचे काटे अजून पुरते टणक झाले नव्हते, पण खुळखुळवण्यात ती कुणापेक्षा कमी पडली नाही. सहा पाठी, शेकडो काटे आणि तो आवाज साऱ्या उतारावर घुमला. डुकराने एक पाऊल पुढे टाकले, नाकाच्या शेंड्याला एक काटा टोचला आणि ते जे मागे फिरले, ते ओढा ओलांडेपर्यंत थांबले नाही. पोरे हसतहसत लोळली. वणव्यानंतर त्या बिळाने पहिल्यांदा हसू ऐकले.

वैशाखात एका पहाटे थोरला नातू बाहेर गेला आणि धावत आत येऊन सगळ्यांना ओढत घेऊन गेला. भुईचाफ्याचे नवल असे, की आधी पान नाही, देठ नाही, थेट जमिनीतून फूल वर येते. त्या काळ्याभोर उतारावर, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, पांढरी-जांभळी फुले उमलली होती. जणू मातीनेच डोळे उघडले होते. वास एवढा, की ओढ्यापलीकडून मधमाश्या आल्या. शिंजीर पक्षी आले, फुलपाखरे आली. पोरांनी नवे शंख आणून घरे पुन्हा मांडली होती. त्यातल्या एकाच्या दाराशी पिवळे फुलपाखरू पंख मिटून बसले. नातीने भावांना गप्प राहायची खूण केली आणि आजीच्या कानात सांगितले, की पहिली परी आली, तिला सहा पाय आहेत. म्हातारीने नीट पाहून घेतले आणि खरेच सहा असल्याचे मान्य केले.

बागेची बातमी रानभर झाली. वणव्यानंतर दूर गेलेले ससे पिल्लांना घेऊन आले, भेकरे आली, रानकोंबडी आपली पलटण घेऊन आली. एके दिवशी ते डुक्करही आले. ते लांबच थांबले. त्याच्या मागे पट्टेरी अंगाची पाच पिल्ले होती आणि ती कधीची हट्ट धरून बसली होती. आम्हाला नुसते पाहू द्याल का, असे त्याने खाली मान घालून विचारले.

"या की," म्हातारी म्हणाली. "फक्त नाकं वर धरून चाला."

आणि पाच पिल्ले बापासह नाक आकाशाकडे करून, गारगोट्यांच्या पायवाटेने, एकही फूल न तुडवता बागभर फिरली.

त्याच संध्याकाळी मुलगा उताराच्या माथ्यावर माती उकरू लागला. आईने विचारले, की खिंडीपलीकडे जायचे होते ना? "खिंड कुठं पळून जातेय?" तो म्हणाला आणि उकरतच राहिला. त्याने नवे बीळ केले. त्याचे दार बागेकडे होते आणि तिन्ही पोरे एकदमच बाहेर धावू शकतील एवढे ते रुंद होते.

तात्पर्य : भ्यालेल्या मुलांना धीर शब्दांनी येत नाही; त्यांच्यासाठी सुरू केलेल्या कामात त्यांचे हात लागले, की धीरही येतो आणि उजाड जागेचीही बाग होते.