शेंदरी योद्धा

फार मागची गोष्ट आहे, बाळांनो. मोठ्यांनीही बसून ऐकायला हरकत नाही. डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं, आणि तिथल्या राजाला खेळण्यांचं भारी वेड होतं. त्याच्या महालात खेळण्यांचं एक दालनच होतं. दरवर्षी जत्रेला कारागीर आपापली खेळणी घेऊन यायचे आणि त्यातलं एकच त्या दालनात जायचं.

कुठलं जायचं ते अंबाक्का ठरवायची. ती राज्याची पारखी. केस पिकले होते, पण बोटं अजून तरबेज होती. तिचा शब्द राजाही मोडत नसे.

दालनातलं सगळ्यात नावाजलेलं खेळणं म्हणजे निळा योद्धा. हलक्या लाकडाचा, हातभर उंच. त्याचे हात दुमडले, पाय वळवले, पाठ उलटी केली की योद्ध्याचा हत्ती व्हायचा. बारा वर्षांपूर्वी अंबाक्कानं त्याला भर दरबारात ‘निर्दोष’ म्हटलं होतं. मग काय, सरदारांनी तसेच निळे योद्धे करवून घेतले आणि आपापल्या दिवाणखान्यात मिरवले; गावोगावची मुलंही त्यांच्याशी खेळू लागली. घडवणारा म्हातारा सुतार पुढे वारला.

त्या वर्षी जत्रेला त्याची मुलगी राही आली. तिनं फडकं सोडलं. आत तोच योद्धा होता. तोच चेहरा, तीच ढाल. फक्त रंग शेंदरी.

दरबार खो खो हसला.

“बापाच्या खेळण्याला रंग फासून आणलाय!” सरदार भानजी म्हणाले. त्यांच्याकडे सात निळे योद्धे होते. “महाराज, उद्या कुणीतरी हिरवा आणेल, परवा पिवळा. मग आमच्या निळ्यांना विचारणार कोण?”

अंबाक्कालाही क्षणभर तसंच वाटलं. ती जरा नाराजीनंच म्हणाली, “पोरी, नवं काय आहे यात?”

“अंग तेच आहे, अक्का, ते मी लपवत नाही,” राही म्हणाली. “फक्त खांद्याची खुंटी बदललीय. गावोगावची मुलं मोडलेले निळे योद्धे घेऊन यायची. सगळ्यांचा उजवा खांदाच मोडलेला. बाबांनाही ते कळलं होतं, पण त्यांचे हात थकले होते. मग मी खुंटी नव्यानं बसवली. आणि दुरुस्त केलेला कुठला ते चटकन ओळखू यावं, कुणी फसू नये, म्हणून रंग बदलला.”

अंबाक्काला आठवलं. उजवा खांदा! बारा वर्षांपूर्वी तो तिच्याही हातात अडला होता. तिनं जरा जोर लावला, तो सरकला. निळ्या रंगाची झळाळी इतकी देखणी होती, की ती त्याबद्दल बोललीच नाही.

आता गप्प बसणं सोपं होतं. ‘जुनंच आहे’ एवढं म्हटलं असतं, तर दरबार खूश झाला असता, तिचं नावही शाबूत राहिलं असतं. पण राही समोर ताठ उभी होती. नजर खाली नव्हती तिची.

“दालनातला निळा आणा,” अंबाक्का म्हणाली.

निळा आला. तिनं पाय वळवले, पाठ उलटी केली, आणि उजवा हात दुमडायला घेतला. खांदा अडला. “जोर लावला तर मोडेल,” ती म्हणाली आणि त्याला अर्धवट, ना योद्धा ना हत्ती, असाच खाली ठेवला.

मग तिनं शेंदरी घेतला. टक्, टक्, टक्. हात दुमडले, पाय आत गेले, पाठ फिरली, सोंड बाहेर आली. डोळे मिटून तिनं पुन्हा त्याचा योद्धा केला, पुन्हा हत्ती केला. कुठे कुरकुर नाही, कुठे अडणं नाही.

“कोपराशी रंग जाड बसलाय, घासून उडेल,” ती राहीला म्हणाली. “तेवढा पातळ कर.”

मग ती राजाकडे वळली. “महाराज, बारा वर्षांपूर्वी मी चुकले. खांदा अडत होता, मला कळलं होतं, तरी मी निर्दोष म्हटलं. हा शेंदरी त्याच्यापेक्षा सरस आहे. माझं पद काढून घ्यायचं असेल, तर घ्या.”

राजा उठला. सिंहासनावरून उतरून खाली आला, शेंदरी योद्धा उचलला आणि लहान मुलासारखा मांडी घालून बसला. टक्, टक्, टक्. हत्ती झाला तसा राजा मोठ्यानं हसला.

“पदाची गोष्ट कसली काढता, अक्का! आज तर मला खरी पारखी मिळाली.” आणि राहीला म्हणाला, “हा दालनात जाईल. त्याखाली तुझं आणि तुझ्या बाबांचं, दोघांचं नाव लागेल.”

ढोल वाजले. जत्रेतल्या लोकांनी राहीला खांद्यावर घेतलं आणि साऱ्या बाजारातून मिरवलं. तिच्या मागून अंबाक्का चालली होती, बारा वर्षांत पहिल्यांदाच इतकी हलकी होऊन.

आणि सरदार भानजी? दुसऱ्या दिवशी सकाळी ते राहीच्या दारात उभे होते. सातही निळे योद्धे गाठोड्यात बांधून.

“बाई, यांचेही खांदे तेवढे नीट करून द्याल का?”

“देईन की,” राही म्हणाली. “पण रंग शेंदरीच लागेल हं!”

म्हणून लक्षात ठेवा: पारख रंगाची नव्हे, गुणाची करावी, आणि आपला निकाल चुकला असेल तर तो चारचौघांत बदलायची हिंमत ठेवावी.