राजाने विणलेली झोळी

पुढील घटना मी पाहिलेली नाही. ज्या भिक्षूंनी ती सांगितली त्यांनीही पाहिलेली नव्हती; त्यांनी ती शास्त्याच्या, म्हणजे बुद्धाच्या, तोंडून ऐकली होती. शास्ता मात्र त्या वेळी तेथे होता, असे परंपरा मानते. परंपरेवर तेवढा विश्वास ठेवून सांगते.

पूर्वी कुसुमतीर नगरात रेणुमित्र राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तेथील एका सुताराच्या घरी जन्मले होते. राजा न्यायी होता. अपवाद फक्त नदीकाठचा. त्याला गळाने मासे धरण्याचा नाद होता. मासा गळाला लागे, काठापर्यंत येई आणि पाण्याबाहेर उचलताना निसटे. उचलण्याचे काम नावाड्याचे, म्हणून दोषही नावाड्याचा, असा निवाडा राजाने स्वतःच देऊन टाकला होता. आधीचा नावाडी त्यापायी हद्दपार झाला होता.

एके दिवशी सोमिल हा नवा नावाडी बोधिसत्त्वांच्या अंगणात येऊन बसला.

"दादा, नौकोत्सवात महाराज साऱ्या नगरासमोर गळ टाकणार. मासा निसटला तर मला नदीपार हाकलणार आहेत. कायमचे."

"पलीकडे काय आहे?"

"माझी सासुरवाडी."

बोधिसत्त्वांनी हातातला लाकूड तासायचा वाकस खाली ठेवला. "ओला मासा हातातून निसटणारच. त्याला खालून झेलणारे जाळे हवे," ते म्हणाले आणि राजाची अनुमती घेऊन कामाला लागले.

त्यांनी धामणीच्या झाडाच्या ओल्या फांदीची लांब पट्टी काढली, उकळत्या पाण्याच्या वाफेवर मऊ केली आणि साच्याभोवती वाकवून दोरीने आवळली. या कड्याला पुढे दांडा बसायचा आणि खाली सुताची झोळी लागायची. पट्टी सावलीत पुरती वाळेपर्यंत दोरी सोडायची नसते. सोडल्यास लाकूड पुन्हा सरळ होते.

हे सर्व अमात्य प्रियकाला समजावून सांगितलेले होते. तरीही दुसऱ्या सकाळी तो पाहणीला आला आणि कडे पक्के झाले की नाही, हे कळावे म्हणून त्याने दोरी सोडली. पट्टी सटकन उसळली. अमात्याचे पागोटे शेजारच्या गोठ्यात जाऊन पडले.

"अजून ओले आहे," अमात्याने निष्कर्ष काढला.

"होय. आणि आता पुन्हा पहिल्यापासून," बोधिसत्त्व शांतपणे म्हणाले.

पुढच्या सकाळीही हेच घडले. फरक एवढाच, की अमात्याने पागोटे आधीच काढून काखेत धरले होते.

"अमात्य, मोडलेले हाड जुळले का, हे वैद्य रोज ओढून पाहतो काय?"

"वैद्याला महाराज रोज विचारत नाहीत. मला विचारतात."

अखेर राजा स्वतः आला. "एक पट्टी वाकवायला इतके दिवस? सोड ती दोरी. मी पाहतो."

राजाच्या हातांना मनाई करता येत नाही; त्यांना काम मात्र देता येते. बोधिसत्त्व म्हणाले, "महाराज, तोवर झोळी विणून व्हायला हवी. काम किचकट आहे. सहसा कोणाला जमत नाही."

"कोणाला जमत नाही?" राजाने विचारले आणि तो अंगणात मांडी घालून बसला.

त्यानंतर राजा रोज येऊन झोळी विणू लागला आणि अमात्य सुताचा गुंडा धरून बसू लागला. कड्याकडे कोणाचेही लक्ष उरले नाही. ते निवांत वाळले.

झोळी पूर्ण झाली. बोधिसत्त्वांनी प्रत्येक गाठ ओढून पाहिली. मग जाळे राजाच्या हाती देत ते म्हणाले, "महाराज, कडे माझे आहे. ते सुटणार नाही, याची हमी मी देतो. गाठी आपल्या आहेत."

"म्हणजे उत्तमच आहेत," राजा म्हणाला आणि सोमिलाकडे वळला. "ऐकलेस? आता मासा गेला तर दोष निखालस तुझा."

उत्सवाच्या दिवशी भला थोरला रोहू गळाला लागला. सोमिलाने खालून जाळे घालून तो अलगद उचलला. लोकांनी जयघोष केला. माशाने एकदा अंग फिरवले, तळाची एक गाठ सरकली आणि रोहू नदीत परत गेला. सोमिल झोळीच्या भोकातून पाहत राहिला. पलीकडे सासुरवाडीचा घाट दिसत होता.

"महाराज," अमात्य गरजला, "ज्याच्या हातून हे झाले, त्याला नदीपार..." आणि त्याला गुंडा आठवला.

राजाने जाळे हातात घेऊन ती गाठ बराच वेळ पाहिली. "ही माझी आहे," तो म्हणाला. "सोमिला, तुझे सासरे स्वभावाने कसे आहेत?"

"फार वाईट, महाराज."

"मग आज्ञा मागे घेतो. आपल्या दोघांपुरती." आणि तो हसू लागला, तेव्हा नगरालाही हसण्याची सोय झाली. संध्याकाळी आधीच्या नावाड्याला आणायला नाव गेली.

कथा सांगून झाल्यावर शास्त्याने त्या काळची माणसे ओळखून दिली. स्वतः शिवलेले अंगावरचे चीवर उसवले म्हणून शेजाऱ्यावर रागावणारा भिक्षू, तो तेव्हा राजा होता. ध्यान लागले का, हे इतरांना हलवून विचारणारा भिक्षू, तो अमात्य. विहाराचा भित्रा द्वारपाल, तो सोमिल. "आणि सुतार मीच होतो," शास्ता म्हणाला. त्या जन्मी आपण क्षांती, म्हणजे न चिडता वाट पाहण्याचा गुण, पूर्णत्वास नेला, असेही त्याने सांगितले.

तेव्हा एका भिक्षूने विचारले, "भगवन्, आपण प्रत्येक गाठ ओढून पाहिली होती. ती सैल गाठ हाताला लागली नाही?"

या प्रश्नाचे उत्तर मला सांगणाऱ्यांपैकी कोणालाही ठाऊक नव्हते. कडे सुटले नव्हते, एवढे मात्र सर्वजण सांगतात.