वेलबुट्टीची अक्षरे

फार जुन्या काळी, नदीकाठच्या एका गावात लाकडी अक्षरे कोरणारा एक कारागीर राहत होता. अक्षरांना शाई लावायची, कागदावर दाबायची, की झाली जाहिरात तयार. त्याची अक्षरे मोठी ठसठशीत. पोटात वेलबुट्टी, टोकांना फुले, मागे जाड सावली. जत्रा असो, कुस्त्या असोत, तमाशा असो, कागद त्याच्याकडूनच छापून जायचा. लोक कौतुक करत आणि गड्याच्या अंगावर मूठभर मांस चढे.

पुढेपुढे तर ती अक्षरे कोणी वाचेनासेच झाले. लांबून दिसली की लोक म्हणत, "चला, काहीतरी मजा आहे."

एकदा पाटील घाईने आले. "नदीवरच्या साकवाच्या मधल्या फळ्या कुजल्यात. सुतार परवा येतोय. तोवर कोणी पलीकडून येऊ नये, जाऊ नये. दोन्ही टोकांना लावायला सूचना छापून दे. साधी असू दे."

साधी अक्षरे त्याच्या फळीवर होती, पण धूळ खात पडलेली. त्याने नाक मुरडले आणि वेलबुट्टीची अक्षरे जुळवायला घेतली.

बायको म्हणाली, "अहो, ही अक्षरं बघून माणसं हसत पुढे येतात. आज त्यांना थांबवायचंय."

"माझं अक्षर बघायला माणसं थांबतातच," तो म्हणाला. "ती साधी अक्षरं माझ्या नावाला शोभत नाहीत."

'साकव धोक्याचा आहे, जाऊ नका.' काय देखणा कागद छापला होता! त्याने स्वतः जाऊन दोन्ही टोकांच्या झाडांवर तो लावला.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. पलीकडच्या गावाहून त्याची थोरली बहीण निघाली. आईमागे तिनेच त्याला वाढवले होते. डोक्यावर वांग्यांची पाटी, सोबत शेजारीण. नदीजवळ शेजारणीच्या पायात काटा रुतला, म्हणून ती खाली बसली. बहिणीने लांबूनच कागद पाहिला.

"माझ्या भावाची अक्षरं," ती अभिमानाने म्हणाली. "कुस्त्या असतील. तू ये मागून, मी होते पुढे."

डोक्यावर ओझे असताना वाचत कोण उभे राहते? ती साकवावर गेली आणि फळी मोडली. नदीला ओढ होती. माणसे धावली, पण तिचा जीव वाचला नाही.

शेजारणीने हे सगळे कारागिराला जसेच्या तसे सांगितले. तो धाय मोकलून रडला.

अंत्यविधी उरकून तो घरी आला आणि त्याने फळीवरची साधी अक्षरे धूळ पुसून जुळवली. काळी, सरळ, बिनफुलांची. नवा कागद छापून लावला आणि तो साकवाजवळच बसून राहिला. माणसे यायची, लांबूनच वाचायची आणि मागे फिरायची. अक्षर सुंदर आहे, असे एकानेही म्हटले नाही.

तात्पर्य: जिथे कुणाचा जीव राखायचा असतो, तिथे आपली कला मिरवू नये.