आधी बैलाचा घास

नाताळच्या आदल्या संध्याकाळी वसईकडच्या आमच्या कणेरआळीत आलात, तर चर्चच्या पायरीवर हिरव्या गवताची टोपली दिसेल. घराघरातून मूठमूठ आलेले ते गवत बाळ येशूच्या गव्हाणीत अंथरायचे असते; पण घंटा होईपर्यंत कुणी ते उचलत नाही. का, ते इथली म्हातारी माणसे पाहुण्याला बसवून घेऊन सांगतात.

फार जुनी गोष्ट. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता. केळीच्या बागा जगवायच्या तर विहिरीवरचा रहाट दिवसभर चालवायचा, आणि तो ओढणाऱ्या बैलांनाच वैरण नव्हती. तरी चर्चच्या ओटीवर मांडलेल्या गव्हाणीसाठी प्रत्येक घराने मूठभर गवत काढलेच. रेमेतबाय विधवा, तिचा सारा संसार पोवळ्या नावाच्या बैलावर. त्या संध्याकाळी ती रहाटावरून तशीच कुमसाराला, पापांची कबुली द्यायला, धावली. बैल घरी सोडून यायला वेळ कुठला? बांधला ओटीच्या खांबाला, गाठ मारली घाईत. ती आत पापे सांगते आहे तोवर बाहेर पोवळ्याने गव्हाण चाटूनपुसून साफ केली!

गाव खवळले. "बाळाचं अंथरूण खाल्लं यानं! हा बैल आता गावात नको, विकून टाक," गावचा मुकादम सांतान गरजला. रेमेतबायच्या तोंडचे पाणी पळाले. बैल गेला की बाग गेली. चौघांनी पोवळ्याला ओढून पाहिले, पण तो गव्हाणीपाशी जो बसला तो हलेचना.

तेव्हा ती रडतरडतच म्हणाली, "सांतानभाऊ, गव्हाण असते कुणाची? बैलाचीच ना? त्यानं आपली जागा बाळाला दिली, आणि आपण त्याला एक घासही ठेवला नाही."

सांतान घराकडे वळला. आपल्या गोठ्यातली होती नव्हती ती पेंढी त्याने आणली आणि आधी पोवळ्यापुढे टाकली. उरलेल्या काड्यांवर बाळाला निजवले. असे सांगतात, रात्रभर बैल बाळावर उबदार श्वास सोडत राहिला. सकाळी सारी ओटी दवाने ओली, बाळाची मूर्ती मात्र कोरडी आणि कोमट होती, म्हणे.

तेव्हापासून आळीतल्या बैलांनी आधी घास घ्यावा म्हणून टोपली घंटा होईपर्यंत पायरीवर थांबते, आजही थांबते. पण रहाट गेले, पंप आले. आळीत एकही बैल उरला नाही. पूर्वी आत जाईपर्यंत टोपली अर्धी व्हायची. आता भरलेलीच जाते. बाळाला बिछाना भरपूर मिळतो, आणि तो अंथरताना म्हाताऱ्यांचे डोळे भरून येतात.